दोघा भावांत माझ्याच दाढा का किडायल्यात?

केजवाला_किराणा:
मंडळी, केजला दुकान आहे माझं. दोन्ही टाइम ब्रश करतो, तरी दाढा एकामागून एक चालल्यात. आता तर हिरडीलगत, मुळापाशी तपकिरी खड्डे पडायलेत. थोरला भाऊ गावाकडं शेती बघतो. राखुंडी नायतर कडुनिंबाची काडी, बास. जेवताना गुळाचा खडा ठरलेला. त्याचे दात डागाळलेले आहेत, पण किडलेला एकबी नाही, अजून दातानं ऊस सोलतो. मी लहानपणापासून मामाकडं परभणीला होतो. गावातले म्हणतेत लाळेतच फरक असतोय. खरंय का? दुकानात बसून तोंड लई कोरडं पडतंय, म्हणून अर्धा-अर्धा कप चहा चालूच असतोय.

मांजराकाठची:
आमच्या आजीनं किडलेल्या दाढेला रिंगणीच्या (काटेरी रानझाडाच्या) बियांची धुरी घेतली होती. धुरी देणाऱ्या बाईनं वाटीत अळ्या पाडून दाखवल्या! अळ्या बाईच्याच असणार, कारण दाढ पुढं काढावीच लागली.

लातूरचा_दातवाला:
ताई, अळी नसतेच. कीड म्हणजे जीवाणूंचं आम्ल. त्यातला मुख्य स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स, १९२४ साली क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून शोधलेला. तो साखरेपासून चिकट थर बनवून दाताला धरून बसतो आणि त्याच साखरेचं आम्लही करतो.

दादा, गोड चहाचा घोट गेला की काही मिनिटांत त्या थराखालचा सामू (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली येतो आणि इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या टणक कवचातलं, कॅल्शियम-फॉस्फेट सुटू लागतं. लाळेत बायकार्बोनेट (सोड्यासारखा क्षार) असतं, ते आम्ल मारतं आणि लाळच सुटलेलं कॅल्शियम परत बसवते. पण त्याला अर्धा-एक तास मोकळा लागतो. तुमचा पुढचा कप त्याआधीच येतो! मुळावर तर इनॅमल नसतंच, तिथं सामू सहाच्या वर असतानाच झीज सुरू होते. भावाचा गूळ जेवणात उरकतो, आणि भाकरी चावताना लाळ भरपूर सुटते.

डागांचं म्हणाल तर गावात बोअरचं पाणी असेल. आपल्या बीड-नांदेडकडं काही बोअरला फ्लोराईड जास्त आहे. दात घडायच्या वयात ते पोटात गेलं की डाग पडतात. तुम्ही त्या वयात परभणीला होतात. थोडं फ्लोराईड दात टणक करतं, पण लिटरला १.५ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा, त्याच्या बरंच वर गेलं की हाडांनाही त्रास. तेव्हा त्या बोअरचं पाणी सुरू करू नका बरं. गोळ्या कोणत्या चालू आहेत?

केजवाला_किराणा:
बीपीची, त्यात लघवी जास्त करवणारी पण आहे. आणि मिरची-हळदीच्या पोत्यांची धूळ सोसत नाही, म्हणून सर्दीची सेटिरिझिन रोज रात्री.

लातूरचा_दातवाला:
झालं की मग! दोन्हींनी लाळ आटू शकते. त्यात झोपेत लाळ तशीही नावालाच सुटते. दवाखान्यात आधी लाळच मोजून घ्या. काही न चघळता पाच मिनिटं कपात सोडायची. अर्धा मिलीसुद्धा भरली नाही तर तोंड खरंच कोरडं समजा. गोळी मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्यालाच विचारा. साखरेची रक्ततपासणीही करा, मधुमेहातही तोंड कोरडं पडतं.

गल्ल्याजवळ साध्या पाण्याची बाटली ठेवा. चहा बिनसाखरेचा, नाहीतर जेवणाबरोबरच. पेस्ट फ्लोराईडची घ्या, रात्री ब्रश झाल्यावर नुसतं थुंका, चूळ भरू नका. खड्डे मात्र भरूनच घ्यावे लागतील.

केजवाला_किराणा:
साखरेऐवजी गूळ घातला तर?

लातूरचा_दातवाला:
गुळातही बहुतेक सुक्रोजच, म्हणजे साखरच. जीवाणूला दोन्ही सारखंच.