मदत हवी आहे: धरमतर ते गेटवे, मदतनिधीसाठी पोहणे

खाडीकाठ: तालुक्यातील डायलिसिसच्या रुग्णांसाठी निधी उभा करावा, म्हणून मी रायगडमधील धरमतर खाडी ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचे अंतर पोहणार आहे. लोकांनी दर किलोमीटरमागे देणगी कबूल केली आहे. अर्ध्यात थांबावे लागल्यास पैसे पूर्ण अंतराचे मागावेत की पोहून झालेल्या अंतराचे, एवढेच विचारायचे आहे. फलक छापायचे असल्यामुळे कृपया लवकर सांगावे.

शंकेखोर: समुद्रात याआधी किती पोहला आहात, कोणत्या दिवशी उतरणार आहात आणि सोबतची होडी कोणाची, यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

खाडीकाठ: सहा महिने तलावात रोज दोन तास पोहतो. रविवार ठरला आहे. माझा प्रश्न देणगीचा होता.

जुना_पोहणारा: काखेत, मानेला आणि जांघेत व्हॅसलिनचा जाड थर द्यावा. मी कंटाळा केला होता. तिसऱ्या तासाला काखा अशा सोलवटल्या की, प्रत्येक हाताला खारे पाणी मिठासारखे झोंबत होते.

रेवसकर: व्हॅसलिनने कातडी वाचेल, प्रवाह कापला जाणार नाही. आधी मुंबई बंदरातील संक रॉक ते गेटवे हे ५ किलोमीटर पोहून पाहावे. त्या रविवारी तिथी कोणती आहे?

हिशेबनीस: पैसे नोंदणीकृत न्यासाच्या खात्यातच जमा करावेत, स्वतःच्या नव्हे. रोख २,००० रुपयांवरच्या देणगीला ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीची, वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही.

खाडीकाठ: ८०जीबद्दल मी विचारले नव्हते. तिथी अष्टमी आहे. पाहुणे यायचे असल्यामुळे सकाळी नऊला उतरणार आहे.

रेवसकर: मग नीट वाचा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास. धरमतरहून ओहोटीच्या पाण्यावर खाडीबाहेर निघायचे आणि पुढे चढत्या भरतीने मुंबई बंदराकडे सरकायचे, असा हा मार्ग आहे. नऊला उतरलात, तर ओहोटीचे निम्मे पाणी वाया गेलेले असेल आणि बारानंतर, खाडीच्या मुखावरील रेवसच्या अलीकडेच, भरती आपल्याला उलट खाडीत लोटू लागेल. पौर्णिमेला भरती रात्री बाराच्या आसपास येते. म्हणूनच त्या दिवशी लोक मध्यरात्री उतरतात, उगीच नव्हे.

जुना_पोहणारा: पण अष्टमीला भांगाचे पाणी, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असते, त्याला जोर कमी. एवढे घाबरवू नये.

रेवसकर: जोर कमी म्हणजे नेण्याचाही कमीच. ३६ किलोमीटर मग हातांनीच ओढावे लागतील. देणगीचे म्हणाल, तर पोहून झालेल्या अंतराचेच पैसे मागावेत आणि किलोमीटर होडीवरच्या निरीक्षकाने मोजावेत. होडीचे काय ठरले?

खाडीकाठ: होडी अजून ठरलेली नाही. फलकावर मात्र ‘सकाळी ९’ छापून झाले आहे.