एकाच शेअर फोल्डरमधल्या काही फाइली कॉपी होतात, काहींना परवानगी नाकारली जाते

अक्षरजुळणी_गिरगाव

नमस्कार. गिरगावात आमचे अक्षरजुळणीचे छोटे कार्यालय आहे. सध्या दोन दिवाळी अंकांची पाने एकाच वेळी लावायची असल्यामुळे तीन संगणकांवर काम चालते. माझ्या संगणकावर विंडोज १० आहे आणि त्याच्या सी ड्राइव्हवर ‘अंक’ नावाचे फोल्डर करून मी ते नेटवर्कवर शेअर केले आहे. मुद्रितशोधन करणाऱ्या सहकारी विंडोज ११ वापरतात. त्यांच्यासाठी माझ्या संगणकावर स्वतंत्र खाते उघडून पासवर्ड दिला आहे. त्यांनी माझ्याकडच्या फाइली आपल्याकडे कॉपी करून तपासायच्या आणि तपासलेली प्रत सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला नेटवर्कवरून वापरता यावे यासाठीची प्रणाली) बसवलेल्या जुन्या लिनक्स संगणकावर ठेवायची, अशी आमची पद्धत आहे.

काल त्यांनी ‘अंक’मधल्या ४० फाइली एकदम कॉपी करायला घेतल्या, तेव्हा २६ फाइली विनातक्रार गेल्या आणि उरलेल्या १४ फाइलींना ही कृती करण्यासाठी परवानगी हवी, असा संदेश येत राहिला. ‘ट्राय अगेन’ दाबले की तोच संदेश पुन्हा येतो. फाइली एकाच प्रकारच्या आहेत, एकाच फोल्डरमध्ये आहेत आणि मला स्वतःला त्या सगळ्या उघडता येतात. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये एव्हरीवनला फुल कंट्रोल, म्हणजे सर्वांना सगळे हक्क, आधीपासूनच दिलेले आहे. संगणक पुन्हा सुरू करून झाले, एकाच्या सांगण्यावरून फायरवॉलही तासभर बंद ठेवून पाहिली, पण फरक पडला नाही.

दुसरी अडचण लिनक्स संगणकावरची आहे. सहकाऱ्यांनी तिथे ठेवलेली फाइल मला वाचता येते, मात्र दुरुस्ती करून जतन करायला गेले की ती फक्त वाचण्यापुरती असल्याचे सांगितले जाते. शिवाय तीन फाइली त्यांना तिथे ठेवताच येत नाहीत. पुढच्या शुक्रवारी पाने लोअर परळच्या छापखान्यात द्यायची आहेत, म्हणून तातडीने विचारत आहे.

हिशेबनीस_मुलुंड

ताई, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगप्रमाणे सिक्युरिटी टॅबवरही एव्हरीवन हे नाव घालून फुल कंट्रोल द्यावे. आमच्या कार्यालयात अशीच अडचण आली होती, तेव्हा आम्ही हेच केले आणि त्यानंतर तक्रार आली नाही.

नेटवर्क_ठाणे

वरील उपायाने आजची अडचण सुटू शकेल, परंतु मी तो करू नये असे सांगेन. तसे केल्यावर आपल्या संगणकावर खाते असलेल्या कुणालाही ‘अंक’मधली कोणतीही फाइल पुसून टाकता येईल, आणि छपाईला जाणारी पाने जिथे असतात तिथे ही मोकळीक परवडणारी नाही. शिवाय १४ फाइलीच का अडल्या हे कळणार नाही आणि पुढच्या आठवड्यात आणखी काही अडतील.

प्रथम फायरवॉल सुरू करावी. तिचा अडथळा असता तर एकही फाइल गेली नसती; २६ गेल्या, याचा अर्थ रस्ता मोकळा आहे आणि नकार फाइलींच्या पातळीवर मिळतो आहे.

विंडोजमध्ये नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन ठिकाणी परवानगी लागते. पहिली शेअरिंगची आणि दुसरी ड्राइव्हच्या एनटीएफएस या फाइली साठवण्याच्या व्यवस्थेने प्रत्येक फाइलीला लावलेली, जी सिक्युरिटी टॅबवर दिसते. या दोहोंपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते. इमारतीच्या फाटकावरच्या वॉचमनने आत सोडले तरी खोलीला कुलूप असेल तर पाहुणा जिन्यातच उभा राहतो, तसे आपल्याकडे झालेले दिसते. फाटक आपण सताड उघडले आहे. कुलूप १४ खोल्यांना आहे.

ते कुलूप कुठून आले, याबद्दल माझा अंदाज असा आहे. त्या १४ फाइलींची पाने आपण आधी डेस्कटॉपवर लावून, पूर्ण झाल्यावर ओढून किंवा कट-पेस्ट करून ‘अंक’मध्ये टाकली असतील, आणि उरलेल्या २६ पेन ड्राइव्हवरून आलेल्या किंवा थेट ‘अंक’मध्येच जतन केलेल्या असतील. फाइल नव्याने तयार झाली किंवा कॉपी झाली की ती जिथे जाते त्या फोल्डरच्या परवानग्या घेते. मात्र एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली, तर ती आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते, कारण त्या वेळी फाइल नव्याने लिहिली जात नाही, तिचा पत्ता तेवढा बदलतो. डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असते, ‘अंक’ही सी ड्राइव्हवर आहे, आणि एकाच ड्राइव्हवर माउसने ओढलेली फाइल कॉपी होत नाही, हलवली जाते. डेस्कटॉपवरच्या फाइलींवर फक्त सिस्टिम, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि आपले खाते यांचाच हक्क असतो. म्हणूनच आपल्याला त्या उघडतात आणि सहकाऱ्यांना उघडत नाहीत.

अंदाजावर विसंबू नये. अडलेली एक फाइल आणि गेलेली एक फाइल घेऊन दोन्हींचे सिक्युरिटी टॅब शेजारी शेजारी उघडावेत. गेलेल्या फाइलीच्या यादीत ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ किंवा ‘युजर्स’ हे गट दिसतील आणि अडलेल्या फाइलीच्या यादीत ते नसतील, तर कारण हेच. आणखी खात्री हवी असल्यास अडलेल्या फाइलीच्या अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीत ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’ हा टॅब आहे. तिथे सहकाऱ्यांचे खाते निवडले की त्या खात्याला नेमके काय करता येते आणि काय नाही, ते ओळीने दिसते. हा टॅब फारसे कुणी उघडत नाही, पण अशा वेळी तासाभराची शोधाशोध तो वाचवतो.

उपाय आपल्याच संगणकावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून करायचा आहे. ‘अंक’ फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथे खाली ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळीपुढे खूण करून अप्लाय दाबावे. आतल्या सर्व फाइलींच्या वेगळ्या परवानग्या पुसल्या जाऊन त्यांना फोल्डरच्याच परवानग्या लागू होतील. आतले एखादे उपफोल्डर मुद्दाम फक्त स्वतःपुरते ठेवले असेल तर ते आधी बाहेर काढावे, कारण या खुणेने तेही सर्वांना उघडे होईल.

यापुढे पाने एक तर थेट ‘अंक’मध्ये जतन करावीत, नाहीतर कंट्रोलची कळ दाबून धरून ओढावीत, म्हणजे कॉपी होईल.

सांबा_बोरिवली

लिनक्सच्या बाजूचे मी सांगतो. सहकाऱ्यांच्या प्रतीमध्ये आपल्याला बदल करता येत नाही, त्याचे नेहमीचे कारण सांबाचा मूळचा ‘क्रिएट मास्क’, म्हणजे नव्या फाइलीवर कुणाला जास्तीत जास्त किती हक्क मिळावा हे ठरवणारा आकडा, हे असते. तो ०७४४ असतो. त्यातला ७ हा फाइल तयार करणाऱ्याचा, पहिला ४ त्याच्या गटाचा आणि शेवटचा ४ इतरांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ असा हिशेब असल्यामुळे ४ म्हणजे फक्त वाचता येते. सहकाऱ्यांची फाइल त्यांच्या खात्याच्या मालकीची होते आणि आपल्या वाट्याला वाचन तेवढे उरते.

दोघींची खाती एका समाईक गटात घालावीत. नंतर सांबाच्या मांडणीच्या फाइलीत त्या शेअरच्या विभागात ‘फोर्स ग्रुप’पुढे (नव्या फाइली कोणत्या गटाच्या व्हाव्यात ते) त्या गटाचे नाव, ‘क्रिएट मास्क’ ०६६४ आणि ‘डिरेक्टरी मास्क’ (नव्या फोल्डरसाठीचा तसाच आकडा) ०७७५ असे लिहावे. ‘टेस्टपार्म’ ही आज्ञा देऊन मांडणीत चूक नाही ना, हे पाहावे आणि मगच सांबा पुन्हा सुरू करावे. यापूर्वी ठेवलेल्या फाइलींवर याचा परिणाम होत नाही. त्यांचा गट ‘सीएचजीआरपी’ या आज्ञेने बदलून ‘सीएचमॉड’ या आज्ञेने गटाला लिहिण्याचा हक्क एकदा हाताने द्यावा लागेल. विंडोजवरून जोडलेले ड्राइव्ह तोडून पुन्हा जोडल्याशिवाय नवीन गट लागू होत नाही, हेही लक्षात असू द्यावे. पुष्कळ जण घाईत सगळ्याला ७७७, म्हणजे सर्वांना सर्व हक्क, देऊन मोकळे होतात. एव्हरीवनला फुल कंट्रोल देण्याचाच तो लिनक्समधला प्रकार आहे.

तीन फाइली ठेवताच येत नाहीत, त्यांच्या संदेशाचे नेमके शब्द कळवावेत. इतर फाइली त्याच जागी जात असतील तर ते परवानगीचे प्रकरण नसावे.

अक्षरजुळणी_गिरगाव

ठाण्याच्या सरांचा अंदाज अचूक निघाला. त्या १४ फाइली म्हणजे मी डेस्कटॉपवर लावून ओढून टाकलेली कथा विभागाची पाने होती, तर लेखकांकडून आलेला मजकूर पेन ड्राइव्हवरून थेट ‘अंक’मध्ये गेला होता. दोन सिक्युरिटी टॅब शेजारी उघडले तेव्हा एकीकडे चार नावे होती आणि दुसरीकडे तीन, ज्यांत शेवटचे माझे. खूण करून अप्लाय दाबल्यावर सर्व ४० फाइली गेल्या. लिनक्सवरचे बदलही केले आहेत आणि आता मला दुरुस्त्या जतन करता येतात.

उरलेल्या तीन फाइलींचा संदेश आज नीट वाचला. त्यात परवानगीचा उल्लेखच नाही. नाव अवैध किंवा फार लांब आहे, असे म्हटले आहे. मात्र माझ्या संगणकावर तीच नावे चालतात आणि मोजली तर ती फार लांबही वाटत नाहीत. एका फाइलीच्या नावात लेखाचे पूर्ण शीर्षक, लेखिकेचे नाव, पृष्ठक्रमांक आणि ‘दुसरे मुद्रित अंतिम’ एवढेच आहे.

सांबा_बोरिवली

मग कारण देवनागरीत आहे. आपल्या विंडोजच्या ड्राइव्हवर नावाची मर्यादा २५५ वर्णचिन्हांची आहे, तर लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइली साठवण्याच्या व्यवस्थेत ती २५५ बाइटची आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते, म्हणजे तिथे ८५ चिन्हे झाली की जागा संपते. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘मुखपृष्ठ’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात, पण संगणक त्यात म, उकार, ख, प, ऋकार, ष, हलन्त आणि ठ अशी ८ चिन्हे मोजतो आणि २४ बाइट खर्ची घालतो. रोमन लिपीत तेवढ्याच लांबीचे नाव सहज मावते, म्हणून इंग्रजी कामात ही अडचण कुणाच्या लक्षात येत नाही. आपली तीन नावे ८५ चिन्हांच्या आत आणावीत.

अक्षरजुळणी_गिरगाव

नावांत आता फक्त पृष्ठक्रमांक, लेखिकेचे आडनाव आणि मुद्रिताचा क्रमांक ठेवला. शीर्षक पानावर आहेच. तिन्ही फाइली लिनक्सवर गेल्या आणि सहकाऱ्यांनी त्यांतली पहिली तपासायलाही घेतली आहे. सर्वांचे मनापासून आभार.