व्हिक्टोरियन काळात घडणारी, अंधारी, तरी खाली न ठेवता येणारी कादंबरी सुचवा

शिफारशीसोबत भाषा किती जड, कुठे अडायला होतं आणि कुणी वाचू नये तेही लिहा. शेवट फोडू नका.

*

इयान मॅग्वायरची 'द नॉर्थ वॉटर' (२०१६). साल १८५९, इंग्लंडमधल्या हल बंदरातून 'व्हॉलंटियर' हे देवमाशांच्या शिकारीचं जहाज उत्तरेला निघतं. त्यावर अफूच्या अर्काच्या आहारी गेलेला डॉक्टर समनर आणि हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, फेकणारा हेन्री ड्रॅक्स. ड्रॅक्स काय लायकीचा आहे ते पहिल्याच प्रकरणात कळतं, त्यामुळे खुनी कोण हे कोडं उरतच नाही. उरते ती धास्ती, आणि निवेदन वर्तमानकाळात असल्यामुळे ती जराही सैल पडत नाही.

*

याच पुस्तकात जहाजावरच्या पोऱ्यावर लैंगिक अत्याचार होतो. लेखक नजर वळवत नाही. झेपणार नसेल तर हाती घेऊच नका.

*

वर्णनं सोपी आहेत, अडवतात ते संवाद: खलाशांची बोली आणि शिव्या. मोठ्यानं वाचलं की लागतात. शिकारीची रीत मात्र आधी समजून घ्या. हार्पूननं मासा मरत नाही, तो दोरानं होडीला जखडला जातो. दमून वर आला की लांब भाल्यांनी फुफ्फुसांचा वेध घ्यायचा; फवारा लाल झाला की खेळ संपला. मग त्याला जहाजाच्या कडेला बांधून चरबीचे पट्टे सोलायचे, तुकडे करून पिंपांत ठासायचे. आर्क्टिकला जाणारी ब्रिटिश जहाजं चरबी वाटेत कढवत नसत, ती बंदरात परतल्यावर कढवली जाई. पुस्तकभर दरवळणारी दुर्गंधी उगाच नाही.

आणि विम्याचा विषय निघतो ती पानं घाईनं उलटू नका. जहाजाच्या नशिबाचं मूळ तिथे आहे.

*

दिल्लीच्या आठवणीही वगळू नका. समनर १८५७च्या वेढ्यात लष्करी डॉक्टर होता. तिथलं लुटीच्या लोभाचं प्रकरण तुकड्यातुकड्यानं उलगडतं. सोबत गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' जरूर वाचा. झाशीची लूट तिथे शहरात अडकलेल्या माणसाच्या डोळ्यांनी दिसते.

*

बर्फ नको असेल तर सारा वॉटर्सची 'फिंगरस्मिथ' (२००२). लंडनचे चोर, वारसाहक्क, वेड्यांचं इस्पितळ. पाचशेहून जास्त पानं आहेत आणि सुरुवात संथ आहे, पण पहिला भाग संपेपर्यंत सोडू नका. तोवर कुठलंही परीक्षण वाचू नका, मलपृष्ठही नाही.