भांडण आलेखाशी नाहीच

शिक्षण वाढलं की विज्ञानावरचा विश्वास आपोआप वाढतो, हे तुमचं म्हणणं अमेरिकेत तरी टिकत नाही. तिथल्या १९७४ ते २०१० या काळातल्या सर्वेक्षणांचा एक अभ्यास २०१२ मध्ये आला होता. सुरुवातीला वैज्ञानिकांवर सर्वाधिक भरवसा पुराणमतवाद्यांचाच होता, शेवटी सर्वांत कमीही त्यांचाच. आणि ही घसरण त्यांच्यातल्या शिकलेल्यांत ठळक!

माझा तिथला एक सहकारी, पक्का रिपब्लिकन, म्हणजे याच पुराणमतवाद्यांच्या पक्षाचा. पुलाच्या भाराची गणितं तीनतीनदा तपासणार, पण हवामानबदल म्हटलं की "टॅक्स वाढवायची निमित्तं!" त्याचं भांडण भौतिकशास्त्राशी नाहीच, त्यामागून येणाऱ्या सरकारी नियमांशी आहे. त्याला आलेख दाखवून काय होणार? (मी दाखवले. पुढे दोन महिने तो डबा वेगळ्या टेबलावर खात होता.)