मदत हवी आहे: स्टेन्ड ग्लाससाठी पहिला ग्राइंडर कुठला घेऊ?
नमस्कार मंडळी, स्टेन्ड ग्लास शिकतेय, कॉपर फॉइलवालं (रंगीत काचेच्या तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी लावून ते सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या धातूने, जोडायचे), सध्या खिडकीत लटकवायचे छोटे सनकॅचर वगैरे. काचेच्या कडा कार्बोरंडमच्या दगडावर पाणी मारत घासते, सरळ कड ठीक निघते पण पाकळीची आतली वळणं काही केल्या जमत नाहीत, मग फॉइल नीट बसत नाही आणि फट राहिली की सोल्डर खालून गळतं. त्यामुळे आता ग्राइंडर, म्हणजे काचेच्या कडा घासायचं मशीन, घ्यायचाच आहे.

ग्रायफॉनचा ग्रायफेट की इनलँडचा विझलिंग, इथे अडकलेय. बहीण दिवाळीला अमेरिकेहून येतेय, ती आणेल, पण तिकडची मशीन 110 व्होल्टची आणि आपल्याकडे 230, म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आलाच, त्यात तिकडे 60 हर्ट्झ आणि इथे 50, ते काही ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही, तर मोटर तापते का हो? असं कुणी रोज वापरतंय का?

आणि बिटचं, म्हणजे मशीनवर फिरणाऱ्या घासायच्या टोकाचं, काय? पाऊण इंची डायमंड बिटवर भागतं की आतल्या वळणांसाठी पाव इंची लगेच घेऊन ठेवू? बदली बिट पुण्या-मुंबईत मिळतात का, हे तर नक्की सांगा, नाहीतर मशीन नुसतं शोभेला.

साध्या बेंच ग्राइंडरला डायमंड व्हील लाव असं एकाने सुचवलं, पण पाण्याशिवाय काचेची धूळ नाकातोंडात जाणार, घरात लहान मूल आहे, त्यामुळे ते नकोच. स्पंज आणि पाण्याची टाकी असलेलंच सुचवा प्लीज.