केमो सुरू असलेल्या आईची अंघोळ : मदतनीस बाईंना ती हात लावू देत नाही, काय करावे?

घोडबंदरकर (ठाणे) :

नमस्कार. माझ्या आईचे वय ६७ असून तिला अंडाशयाचा कर्करोग आहे. दर २१ दिवसांनी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही औषधे सलाइनमधून दिली जातात. सहापैकी तीन सायकल (औषधाच्या फेऱ्या) झाल्या आहेत. प्रत्येक वेळी पहिले आठेक दिवस तिला उठून बसणेही जड जाते. पत्नीचे कार्यालय महापेला आणि माझे अंधेरीला, त्यामुळे सकाळी साडेआठनंतर घरात आई एकटीच उरते. गेल्या महिन्यात ती न्हाणीघरात घसरली. सुदैवाने केवळ मुका मार लागला, पण त्यानंतर आम्ही मदतनीस पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेसाठी बाई ठेवली.

ब्युरोने दहा दिवसांत तीन बाया बदलल्या, ही एक तक्रार झाली. खरी अडचण निराळीच आहे. परक्या बाईसमोर मी कपडे काढणार नाही, असे आईने स्पष्ट सांगितले आहे. परवा तिने आतून कडी लावली आणि स्टुलावर नुसती बसून राहिली. बाहेर मी, पत्नी आणि हातात टॉवेल घेतलेल्या बाई असे तिघे वीस मिनिटे उभे होतो. दार उघडले तेव्हा बादली भरलेलीच होती आणि पाणी गार झाले होते.

आईचे मन कसे वळवावे? आणि या बाईंना कोणती कामे सांगावीत, कोणती सांगू नयेत? इंजेक्शनही देते, असे त्या म्हणतात.

ऐरोलीची वाचक :

माझ्या सासूबाईंच्या स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांत मी हेच सारे पाहिले आहे. ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ असे म्हणून मी त्यांच्यावर दडपण आणले आणि परिणामी त्यांनी चार दिवस अंघोळच केली नाही. त्यानंतर बाईंना मी दोन दिवस त्यांच्या अंगाला हातही लावू नका असे सांगितले. त्या नुसत्या जवळ बसत, मेथी निवडून देत, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत आणि सासूबाईंच्या माहेरच्या गोष्टी ऐकून घेत. तिसऱ्या दिवशी पायांना तेल लावू दिले, तेव्हा निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे एका जुन्या सुती पातळाने केले. सासूबाईंचे बालपण कोकणात गेलेले. विहिरीवर लुगडे नेसूनच अंघोळ करण्याची त्यांना सवय होती. तेच आम्ही न्हाणीघरात केले. पातळ गुंडाळून त्या स्टुलावर बसत, बाई मागे उभ्या राहून पाठ चोळत आणि तांब्याने पाणी घालत, पुढचे अंग त्या आतल्या आत स्वतःच धूत. कोरडे पातळ वरून गुंडाळल्यावरच ओले खाली सोडायचे, म्हणजे एक क्षणही उघडे राहावे लागत नाही. कडी मात्र काढून टाका. दार लोटलेले असावे, आतून बंद नको.

निवृत्त परिचारिका, खारघर :

पातळाची युक्ती उत्तम आहे आणि मी ती अनेकांना सुचवणार आहे. तेलाबाबत मात्र एक सावधगिरी सांगते. कर्करोगात, विशेषतः अंडाशयाच्या कर्करोगात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. एकच पाय सुजला, दुखू लागला किंवा गरम लागला तर त्याला चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एरवी हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही; रगडणे नको, कारण केमोमुळे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना त्याने काळेनिळे डाग उठतात.

पॅक्लिटॅक्सेलमुळे हातापायांची बोटे बधिर होतात, आणि ही गोष्ट घरच्यांच्या लक्षात फार उशिरा येते. आपल्या आई घसरल्या त्यामागे अशक्तपणाच्या जोडीला हेही कारण असू शकेल. बधिर पायाला पाण्याचा चटका कळत नाही, म्हणून पाणी बाईंनी स्वतःच्या कोपराने पाहावे. सपाता मागून पट्टा असलेल्या द्याव्यात. ब्लाउजचे हूक लावता येत नसतील तर बाईंकडून लावून घेण्यापेक्षा पुढून उघडणारा सैल गाऊन द्यावा, कारण जे काम त्यांना स्वतः करता येईल ते त्यांच्याकडे राहिलेले बरे.

केमोनंतरचे किमान ४८ तास लघवी, शौच आणि उलटी यांतून औषध बाहेर पडत असते. त्या काळात भांडे किंवा डायपर हाताळताना हातमोजे घालावेत, कमोडचे झाकण लावून दोनदा पाणी सोडावे आणि खराब झालेल्या चादरी वेगळ्या धुवाव्यात. बाई गरोदर असतील किंवा बाळाला अंगावर पाजत असतील तर हे काम त्यांना देऊ नये. ब्युरो हे विचारत नाही, आपण विचारावे.

इंजेक्शन, सलाइन आणि ड्रेसिंग ही प्रशिक्षित परिचारिकेची कामे आहेत. पाहून शिकलेल्या मदतनिसाकडून ती करून घेऊ नयेत. तापाचे मात्र बाईंना नीट समजावून द्या. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात; तेव्हा १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तर रात्र असली तरी रुग्णालयात फोन करायचा, आणि ताप उतरवण्यासाठी मनाने क्रोसिन द्यायची नाही, कारण ताप दबतो आणि जंतुसंसर्ग मात्र वाढत राहतो. फोन नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवा.

कळव्याचा रहिवासी :

ब्युरोबाबत थोडेसे. बदली बाई कधी आणि किती दिवसांत मिळेल हे डिपॉझिट देण्यापूर्वी लिहून घ्या, ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी मागा. माझा अनुभव असा की बाईंच्या जेवणाची आणि दुपारच्या तासभर विश्रांतीची सोय नीट केली की बाया टिकतात. आमच्याकडे एका वहीत औषधाची वेळ, लघवी, शौच आणि ताप बाई लिहीत. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तीच वही आधी मागितली.

घोडबंदरकर (ठाणे) :

सर्वांचे आभार. बाईंनी इंजेक्शन द्यायचे नाही, हे त्यांना आणि ब्युरोला सांगून टाकले. त्यांना राग आला, पण त्या राहिल्या आहेत. कडी काल काढली. पातळाचे आईला विचारले तेव्हा ती प्रथम काहीच बोलली नाही, मग कपाटाच्या खालच्या कप्प्यातून तिने स्वतःच एक निळे, विरलेले पातळ काढून दिले. अट एकच घातली, की अंघोळ होईपर्यंत आम्ही दोघांनी दाराशी उभे राहायचे नाही. आज सकाळी स्वयंपाकघरातून ऐकू आले, ती बाईंना पाठीवर कुठे चोळायचे ते सांगत होती. निळे पातळ आता गॅलरीत वाळत आहे आणि उद्यासाठी दुसरे काढून ठेवायला तिने सांगितले आहे.