वरचे गोट्या खेळत नाहीयेत

"वरची पोरं रात्री बाराला गोट्या खेळतात आणि विचारलं तर घरात पोरंच नाहीत म्हणतात" असं शेजाऱ्यांच्या भांडणांवरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. नसतीलही हो पोरं! आमच्या ठाण्याच्या सोसायटीत याच आवाजापायी मी वरच्या काकूंशी वर्षभर धड बोलत नव्हतो. एका रात्री तिरीमिरीत वर गेलो. काकू जांभई देत दारात उभ्या, आणि तो टक्... टकटकटक त्यांच्याही डोक्यावरून येतोय. त्यांच्यावर तर नुसती गच्ची!

दुसऱ्या दिवशी प्लंबरने उलगडा केला. पाइपातून जोरात वाहणारं पाणी व्हॉल्व्ह फटकन बंद झाला की एकदम अडतं, दाबाची लाट मागेपुढे आपटत राहते आणि पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प ढिला असेल तर पाइप भिंतीवर वाजतो. याला वॉटर हॅमर म्हणतात. काँक्रीटमधून आवाज असा पसरतो की तो नेमका कुठून येतोय ते कानाला कळत नाही, आपण आपले वरच्यांवर बिल फाडतो. आमच्याकडे टाकी भरून पंप बंद झाला की नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) आपटायचा. तो बदलला, डक्टमधले क्लॅम्प आवळले, आवाज जवळजवळ गेला. तेव्हा वर जाऊन भांडण्याआधी वॉचमनला पंपाची वेळ विचारा आणि आवाजाशी जुळते का बघा.